दर्याच्या दऱ्या

फुकट काम करणाऱ्या माणसाला बोलणी ऐकवायचा हक्क आपल्याला आहे, असं मानणारी माणसं जगभर सारखीच असतात. मी काही वर्षं लिनक्सचं एक पॅकेज सांभाळलं, तेवढ्यात ही गोष्ट मला नीट कळली.

पॅकेज सांभाळणं म्हणजे काय, हे आधी सांगून टाकते. रत्नागिरीत मी ज्याला ज्याला हे सांगितलं त्याला त्याला ते कुरियरचं काम वाटलं होतं. जगभरातली काही हौशी माणसं मिळून एक लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकटची प्रणाली, तयार करत होती. पगार कुणालाच नाही, साहेब कुणीच नाही, आणि म्हणून प्रत्येक जण साहेब. कुणीतरी लिहिलेला प्रोग्रॅम घ्यायचा, तो आपल्या लिनक्सवर नीट बसेल असा बांधायचा, नवीन आवृत्ती आली की पुन्हा बांधायचा, आणि कुणाकडे तो बिघडला की मुकाट्यानं ऐकून घ्यायचं. बांधणाऱ्याचं नाव त्या पॅकेजवर लागतं. त्याला मेंटेनर म्हणतात. माझं नाव एका देवनागरी फाँटवर लागलेलं होतं.

तेव्हा मी गावातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. क्लासच्या मालकाला चोरीचं सॉफ्टवेअर चालायचं, फुकटचं चालायचं नाही. फुकटच्या वस्तूत काहीतरी खोट असणारच, असं त्याचं ठाम मत. एका मासिकाबरोबर लिनक्सची सीडी आली होती, ती त्याने माझ्याकडे टाकली, म्हणजे केरातच टाकली. मी ती घरच्या मशीनवर चढवली. इंग्रजी झकास दिसत होतं. मराठी म्हणजे अक्षर एकीकडे, वेलांटी दुसरीकडे, आणि मधे एक रिकामी चौकट. तिच्यावरचा देवनागरी फाँट कुणीतरी हौसेनं करून सोडून दिला होता. सांभाळायला कुणी नाही म्हटल्यावर मी हात वर केला. माझ्याशिवाय दुसरा हातच वर नव्हता.

मग पत्रं यायला लागली. सगळ्यांची सुरुवात ‘डिअर सर’. कुणाला फाँट जाड हवा, कुणाला बारीक. कुणी विचारायचं की एवढं साधं काम अजून का झालं नाही, आणि खाली सही करताना आपण किती मोठ्या कंपनीत आहोत तेही लिहायचं. एका सद्गृहस्थानं मुलीच्या लग्नाची पत्रिका मीच टाइप करून पाठवावी असं कळवलं, कारण फाँट माझा. आभाराचं पत्र काही आलं नाही. माझ्या आईनं एकदाच विचारलं, “ह्याचा काय मिळतो तुला?” मी म्हटलं, काही नाही. त्यावर ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली, ते मला सगळ्या पत्रांपेक्षा जास्त लागलं.

मी राहायची मिरकरवाड्यात, बंदराजवळच्या एका माडीवर. खाली घरमालक. त्यांना सगळे चाचा म्हणत, मीही म्हणे. चाचांनी उभं आयुष्य मालवाहू बोटींवर काढलं होतं आणि आता ओट्यावर बसून ते आयुष्य येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. वादळं ऐकवत, बसरा ऐकवत, कप्तान आजारी पडल्यावर आपण बोट कशी काढली तेही ऐकवत. ऐकणारे मान हलवत आणि पाठ फिरली की हसत. कारण सगळ्या वाड्याला ठाऊक होतं की चाचा बोटीवर भंडारी होते. भंडारी म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. “चाच्यान दर्या बगितला कुठं? टोपातला रस्सा बगितलान,” असं बंदरावरची पोरंसुद्धा म्हणत.

हे त्यांच्या कानावर जायचंच. म्हणून त्यांनी पुस्तक लिहायचं ठरवलं. छापलेलं कुणी खोटं म्हणत नाही, अशी त्यांची समजूत. पुतण्याचं लग्न ठरलं होतं. कुवेतपासून आमच्या कोकणातल्या बुरोंडीपर्यंतचे सगळे सगेसोयरे यायचे होते, आणि प्रत्येकाच्या हातात आपलं पुस्तक पडेल, असं चाचांनी महिनोन् महिने आधी जाहीर करून टाकलं.

“तू टाइप कर गो बाय,” ते मला म्हणाले. “तुझा तो मशीन दिवसभर घुरघुरतो, त्याला कायतरी काम नको?”

मी हो म्हटलं ते उपकार म्हणून नव्हे. मला फाँट तपासायला भरपूर मराठी मजकूर हवा होता, आणि तो चाचांपाशी न संपणारा होता. ते संध्याकाळी माडीवर येऊन सांगत, मी टाइप करी. चाचा थापा मारतात हे मला माहीत होतं. पण त्या थापांत मधूनच एखादं खरं वाक्य यायचं. तापलेल्या भांड्यांना दोरीनं बांधून ठेवावं लागतं, नाहीतर लाट आली की आमटी अंगावर येते, हे त्यांनी एकदा सहज सांगितलं. मी म्हटलं, हे लिहू या. तर चिडले. “ता नको. दर्याचा लिव.” मी त्यांना न सांगता ते लिहून ठेवलं. माझ्या मते आख्ख्या पुस्तकातलं तेच सगळ्यांत चांगलं वाक्य होतं.

त्यांचा शब्द दर्या. समुद्र ते कधी म्हणत नसत. पानोपानी दर्या, दर्यात, दर्यावर. आणि नेमका हाच शब्द माझ्या फाँटची परीक्षा घेणारा. मराठीत अर्धा र दोन तऱ्हांनी लिहितात. दर्या म्हणजे समुद्र, तिथे तो रफार होऊन डोक्यावर बसतो. दऱ्या असतात डोंगरात, तिथे तो आडवा होऊन य ला चिकटतो. पहिलीतल्या मुलालाही हे वाचता येतं. हिंदीत हा आडवा र लागत नाही, म्हणून कॉम्प्युटरलाही तो बरीच वर्षं माहीत नव्हता. मी खपून खपून तो फाँटमध्ये बसवला. दोन्ही वेगळे टाइप होत होते आणि वेगळे दिसत होते. त्या दिवशी मी क्लासमध्ये पेढे वाटले. मालकानं पेढा खाल्ला आणि विचारलं, “मुलगा बघितला की काय?”

इथे पुण्याच्या गृहस्थांचा प्रवेश होतो.

हे गृहस्थ दिवसा कंपनीत आणि संध्याकाळी मराठीचे कैवारी. त्यांनी मेलिंग लिस्टवर, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या सामाईक चावडीवर, एक लांबलचक पत्र टाकलं. म्हणणं असं, की रफार ही हिंदीची लादलेली खूण आहे, आडवा र हीच खरी मराठी अस्मिता. म्हणून मराठीत र आणि य जोडून आले की तिथे आडवा र च दिसला पाहिजे, टाइप करणाऱ्यानं काहीही टाइप केलेलं असो. सोबत त्यांनी फाँटची दुरुस्तीही करून पाठवली होती. चार ओळींची. ती मी उघडून पाहिली आणि गार झाले. ती लावली असती तर सूर्याचा सूऱ्य झाला असता, कार्याचं काऱ्य, आणि आचार्यांची रवानगी थेट आचाऱ्यांत.

मी हे सगळं त्यांना उदाहरणं देऊन लिहिलं. उत्तर आलं: “संदर्भाने कळते.”

माणूस चुकतो, त्याचं मला काही वाटत नाही. मीही फाँटमध्ये अशा चुका केल्या होत्या की एका आवृत्तीत ज्ञ दिसतच नव्हता. पण ह्या माणसाला मराठी वाचता येत होती. तो सूर्य लिहीत लिहीतच मोठा झाला असणार. तरी स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्याला स्वतःचा सिद्धान्त जास्त पटत होता, आणि अशा माणसाला काय समजवायचं? आधी मी ‘आदरणीय सर’ होते. मग कुणीतरी त्याला सांगितलं की मेंटेनर बाई आहेत. पुढचं पत्र आलं ते असं: “ताई, तुमची तळमळ समजू शकतो.” मी तळमळत नव्हते. मी त्याला शुद्धलेखन शिकवत होते.

मग त्यांच्या पुण्यातल्या मराठीप्रेमी मंडळातली माणसं एकेक करून चावडीवर आली आणि ‘सहमत’ एवढंच लिहून गेली. त्यातल्या एकानंही फाँट उघडून पाहिला नव्हता. एकानं मला मराठीद्वेष्टी म्हटलं. मी रत्नागिरीत बसून मराठी अक्षरं घासत होते, आणि हा इसम मला इंग्रजीतून मराठीद्वेष्टी म्हणत होता. मी दुरुस्ती नाकारली आणि विषय संपला असं समजले.

त्याच सुमारास आमच्या लिनक्सची नवीन आवृत्ती गोठवायची वेळ आली. गोठवणं म्हणजे ठरावीक दिवसानंतर पॅकेजांत काही बदलायचं नाही, फार गंभीर बिघाड असेल तरच. एकदा गोठली की ती आवृत्ती पुढची येईपर्यंत, म्हणजे बरीच वर्षं, तशीच राहायची. आणि नेमका त्याच वेळी आमच्या फोनखात्याला रस्ता खणायचा झटका आला. जांभा फोडता फोडता त्यांनी आपलीच केबल तोडली. आमच्या भागातले सगळे फोन मेले, सायबर कॅफेवाला दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसला. केबल बघायला माणूस आला. त्याने बघितली. जोडणारा माणूस वेगळा, तो यायचा होता.

आमच्या हौशी राज्यात एक नियम होता. मेंटेनर उत्तर देत नसेल तर दुसऱ्या कुणालाही त्याचं पॅकेज दुरुस्त करून चढवता येई. नियम चांगला होता. माणसं आजारी पडतात, कंटाळतात, लग्न करतात. पण नियमाचा असा उपयोग करायला पुण्याचं डोकं लागतं. गृहस्थांनी मला एक पत्र लिहिलं, मी उत्तर दिलं नाही, त्यांनी पुन्हा लिहिलं, मी पुन्हा गप्प. मग त्यांनी चावडीवर जाहीर केलं की मेंटेनर निष्क्रिय आहेत. त्या चार ओळी फाँटमध्ये घुसवून पॅकेज चढवून दिलं. फोन सुरू झाला तेव्हा आवृत्ती गोठलेली होती.

मी आवृत्तीच्या प्रमुखाला लिहिलं. कुठल्यातरी थंड देशातला, अतिशय सभ्य माणूस. त्याने विचारलं, ह्या बिघाडानं मशीन बंद पडतं का? नाही. कुणाच्या फायली नष्ट होतात का? नाही. मग नेमकं काय होतं? मी लिहिलं, समुद्राचे डोंगर होतात. त्याला वाटलं मी गंमत करते आहे. त्याने हसरा चेहरा पाठवला आणि बिघाडाची वर्गवारी केली: दिसण्यापुरता, किरकोळ. त्याला मी दोष देत नाही, त्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं. चावडीवर मात्र वाचता येणारे पुष्कळ होते. ते गप्प बसले.

चाचांचं पुस्तक तोवर छापखान्यात गेलं होतं. छापखानेवाल्याला लिनक्सला मीच लावलं होतं. प्रुफं मी स्वतः तपासली होती आणि दर्या जिथल्या तिथे होता. केबलचा घोळ निस्तरल्यावर मी मुद्दाम जाऊन त्याला बजावलंही, की नवीन काही चढवू नका, जुनंच चालू दे. त्याने मान डोलावली. कोकणात मान डोलावण्याचा अर्थ ऐकू आलं, एवढाच असतो, हे मी विसरले.

पुण्याच्या मंडळानं नवीन आवृत्तीच्या सीड्या काढून गावोगावी फुकट वाटल्या. ‘संपूर्ण मराठी’ असं वर ठळक छापून. एक ह्या छापखानेवाल्याकडेही आली. त्याने ती चढवली आणि मग पुस्तक छापलं. नंतर मी त्याच्या समोर उभी राहून विचारलं, मी नको म्हटलं होतं ना? तर तो शांतपणे म्हणाला, “पण म्याडम, त्या फाँटवर नाव तुमचाच होता. मला वाटला तुम्हीच धाडलात.”

ते खरं होतं. चार ओळी त्यांच्या, नाव माझं.

“आणि अक्षरं बदललेली दिसली नाहीत तुम्हाला?”

“दिसली की. म्हटला नवीन नियम आला असेल शासनाचा. कॉम्प्युटर कशाला चुकेल?”

माझ्या फायलीत दर्या दर्याच होता. कागदावर उतरताना त्याच्या दऱ्या झाल्या होत्या. पण हे सगळं मला कळलं ते लग्नानंतर. लग्नाच्या दिवशी गठ्ठे थेट मांडवात आले. चाचांना चष्म्याशिवाय छापील अक्षर दिसत नसे, आणि चारचौघांत चष्मा लावणं त्यांना कमीपणाचं वाटे. त्यांनी एक प्रत हातात घेतली, हुंगली, कव्हरवरून तळवा फिरवला. कव्हर त्यांनी बोटींची नावं रंगवणाऱ्या पेंटरकडून करून घेतलं होतं, त्यामुळे तिथे दर्या शाबूत होता. मग ते स्वतः फिरून प्रत्येकाच्या हातात पुस्तक देत होते. नवरदेवापेक्षा त्यांचाच थाट जास्त.

मी बायकांच्या बाजूला बसले होते. मला आधी हशा ऐकू आला. बुरोंडीचा कुणी पाहुणा, त्यांच्या भावकीतलाच, मोठ्यानं पहिलं वाक्य वाचत होता: “माझा जन्म दऱ्याच्या काठी झाला.” पुन्हा वाचलं. मग पान उलटून, “मी दऱ्यात उडी मारली.” कुणीतरी ओरडलं, “अरे, हा डोंगरात भात शिजवत व्हता रे!” आणि मांडव फुटेस्तोवर लोक हसले. चाचांना आधी कळलंच नाही. आपलं पुस्तक वाचून लोक खूश झाले असं वाटून तेही हसत होते. मग त्यांनी कुणाच्या तरी डोळ्यांवरचा चष्मा काढून घेतला आणि पुस्तक नाकाशी धरलं.

मी उठून गेले नाही. पडद्यापलीकडे जाऊन मी काय सांगणार होते, युनिकोड? मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त संताप. ज्यांनी हे केलं ते त्या क्षणी पुण्यात कुठेतरी सुखानं चहा पीत असतील, ह्याचा संताप.

दुसऱ्या दिवशी मी खाली गेले. चाचा ओट्यावर नव्हते, आत बसले होते. मी सगळं समजावून सांगितलं, पुण्याचे गृहस्थ, गोठवणं, केबल, सीडी. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मी सगळा जलम दर्यात काढला, आणि तू मला डोंगरात नेऊन ठेवलास.” त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आणि वाड्यानं त्यांना नवीन नाव ठेवलं, दऱ्यावर्दी. थापाड्या म्हणणं मागे पडलं.

मी चावडीवर लिहिलं, ह्या बिघाडापायी एका माणसाची गावात नाचक्की झाली. गृहस्थांचं उत्तर आलं: “एका पुस्तकावरून धोरण ठरत नाही. वापरकर्त्याने दुसरा फाँट वापरावा.” पुढे कुठल्याशा संमेलनात मराठी संगणकावर आणल्याबद्दल त्यांना शाल आणि नारळ मिळाला. फोटो त्यांनी स्वतःच चावडीवर टाकला. नारळ बहुधा आमच्याकडचाच असेल.

मी पॅकेज सोडलं नाही. सोडलं असतं तर ते त्यांच्याच हातात गेलं असतं. त्या चार ओळी मी काढून टाकल्या आणि पुढच्या आवृत्तीची वाट पाहत बसले. ती यायला इतका वेळ लागला की मधल्या काळात क्लास बंद पडला, माझी नोकरी बदलली, आणि चाचा परत माझ्याशी बोलू लागले, पण फक्त पाण्याच्या पंपाबद्दल. ओट्यावरच्या गोष्टी त्यांनी कायमच्या बंद केल्या होत्या. वादळ नाही, बसरा नाही. कुणी मुद्दाम छेडलं तर उठून आत जात.

शेवटी आवृत्ती निघाली. मी ती आधी स्वतः चढवली, पुस्तकाची फाइल उघडली, पानापानावर दर्या पाहिला आणि धावत खाली गेले. म्हटलं, चाचा, आता सगळं नीट झालंय. पुन्हा छापू या, सगळं मी बघते. कुवेतला, बुरोंडीला, सगळीकडे नवीन प्रती पाठवू.

ते पंपाला तेल घालत होते. हात पुसत पुसत त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर.

“नको गो,” ते म्हणाले. “आता दर्या छापलास ना, तर लोक बोलतील, ही छापायची चूक झाली.”

पुण्याच्या त्या गृहस्थांना मी माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.